दो आणि सोलच्या मध्ये

मिंदेलोत पाणी विकत, वारा फुकट.
न्यो बेलमिरुंच्या अंगणात दोरीवर
चिमटे नेहमी जास्त, कपडे कमी.
शाळा तिथेच.

सात चिमटे लावले त्यांनी ओळीने:
दो रे मी फा सोल ला सी.
"झुलेयका, आता एक ठेव, एक काढ,
एक ठेव, एक काढ, एक ठेव. पुरे."
दोरीवर राहिले तिघे. दो, मी, सोल.
"हे घर. तिघांनी एकदम तोंड उघडलं
की त्याला कॉर्ड म्हणायचं."

मग सुरुवात रेपासून. रे, फा, ला.
उड्या तशाच, पण चेहरा उतरलेला.
असं का?
"पहिली उडी मोज."
मी गिटारच्या मानेवर पडदे मोजले:
दोपासून मीपर्यंत चार,
रेपासून फापर्यंत तीनच.
एवढ्याशा फरकाने माणूस रडतो?
"एवढ्याशानेच," ते म्हणाले
आणि तव्यावरचा मासा उलटायला आत गेले.

मला आवडायचा सी, रे, फा.
उंबरठ्यावर एक पाय ठेवून उभा पाहुणा,
बसा म्हटलं तर बसत नाही,
निघा म्हटलं तर निघत नाही,
आणि शेजारी दो नुसता खाकरला
की धावत त्याच्या घरात.

"स्केल म्हणजे अंगण," ते सांगायचे, "धाव त्यात.
भिंतीवर आपटलीस
तर एक पडदा पुढे जा, नाहीतर एक मागे.
दार तिथेच कुठेतरी असतं."

त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट
बंदरातल्या विंचने नेलं, माझ्या जन्माआधी.
चौथ्या तारेवरचा दुसरा पडदा
तेव्हापासून रिकामा.
पहिली तार ते छेडतच नसत.
दो वाजायचा, सोल वाजायचा,
त्यांच्या घरात मी नसायचा.
मासळीवाल्या म्हणत, बेलमिरुचं वाजवणं बरं,
बारशालाही चालतं, मयतालाही.

त्या फेब्रुवारीत वाळवंटाची धूळ आली,
समोरचा डोंगर दिसेना.
एउजेनियाचं विमान, रॉटरडॅमहून, अकरा वर्षांनी,
बेटावर दोन घिरट्या घालून परत गेलं.
कशूपा शिजला होता. मोठं पातेलं.
लोक आले, जेवले, कोणी तिचं नाव काढलं नाही.
क्रिझांतुने काहीतरी विनोद केला, तोही अर्धाच.

मग न्यो बेलमिरुंनी गिटार घेतली.
दो, सोल. दो, सोल.
मधली जागा उघडी, खिडकीसारखी,
धूळ आत येतेय.

दुसरी गिटार माझ्याकडे होती.
मी वरून उतरत आले, ला, सोल, फा,
ठरवलं होतं की त्या जागेत जाऊन बसायचं
आणि सगळ्यांना जरा हसवायचं.
बोट दुसऱ्या पडद्याकडे निघालं.
नजर त्यांच्या हाताकडे गेली.
बोट पहिल्यावर पडलं.

अर्धा उतरलेला मी.
अंगण गप्प.
चमचे वाजायचे थांबले.

त्यांनी वर पाहिलं नाही.
दोन ठेके तसेच गेले, माझे कान तापले,
मग त्यांनी खालून हळूच ला दिला,
तोही अर्धाच उतरवून,
माझ्या चुकीखाली पाट सरकवावा तसा.
ला, दो, मी.
कधी कुणी दोरीवर न लावलेले चिमटे.
कुठल्यातरी कोपऱ्यात दुसरंच घर उभं राहिलं
आणि आम्ही त्यात बराच वेळ बसलो.

पाहुणी चौथ्या दिवशी आली,
पिशवीत चीज, हातात न लागणारा कोट.
विचारलं तिने, बाबा अजून तसंच वाजवतात? अर्धवट?
मी माझी गिटार तिच्या मांडीवर ठेवली.
तिला वाजवता येत नव्हतं.
तिने चौथ्या तारेवर कुठेतरी बोट टेकवलं.

कुठल्या पडद्यावर ते पाहायचं राहिलं.
वारा वाढला होता,
मी दोरीवरचे चिमटे काढत होते.